डावा हात आणि सबवूफर

उन्हाळ्यातला रॉक फेस्टिव्हल ही आपल्याकडे फक्त यूट्यूबवर बघायची गोष्ट आहे. इंग्लंडचं ग्लास्टनबरी जूनमधे, जपानचं फुजी रॉक जुलैच्या शेवटी, जर्मनीचं वाकेन जुलै-ऑगस्टच्या सांध्यावर. तिकडचं पब्लिक वर्षभर थंडीत कुडकुडतं आणि ऊन पडलं की शर्ट काढून शेतात नाचायला जातं. आमच्या परतूरला मे महिन्यात दुपारी दोन वाजता कुणी शेतात शर्ट काढून नाचायला लागलं तर लोक आधी कांदा फोडून नाकाला लावतील आणि मग थेट सरकारी दवाखान्यात नेतील.

त्यामुळे आपले फेस्टिव्हल दिवाळीनंतर सुरू होतात आणि ऊन तापायच्या आत गाशा गुंडाळतात. पुण्याचा एनएचसेव्हन वीकेंडर २०१० साली सुरू झाला तो डिसेंबरात. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा २०२३ साली पहिल्यांदा आला तो जानेवारीत. २०२५ साली तो मार्चमधे झाला, ८ आणि ९ तारखेला. तेवढाच काय तो माझ्या वाट्याला आलेला 'उन्हाळी' रॉक फेस्टिव्हल. दुपारच्या बँडला टाळ्या वाजवायच्या की टोपी सांभाळायची असा प्रश्न पडत होता.

तर झालं असं, की मागच्या आठवड्यात एका मित्राने लंच टाईमला विचारलं, आत्तापर्यंत लाईव्ह ऐकलेल्यातले टॉप फाईव्ह सांग. आयटीवाल्यांना यादी करायला सांगितलं की आम्ही लगेच एक्सेल उघडतो, तसं उघडलं. पण क्रम काही केल्या लागेना. जो वाजवायला सगळ्यात भारी तो यादीत खालीच जायला लागला. असं का होतंय ते शोधायला ही पोस्ट.

उदाहरणार्थ स्टीव्ह वाय. डिसेंबर २०१७, पुणे. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. गिटार या वाद्याचं काय काय होऊ शकतं याचा तो माणूस म्हणजे चालता-बोलता एन्सायक्लोपीडिया. मी तोंड उघडं ठेवून त्याची बोटं बघत राहिलो. आणि परत येताना रिक्षात मला एकही गोष्ट आठवेना, नुसती बोटं आठवत होती. भन्नाट होतं, खोटं कशाला बोलू. पण ते मी तिथे नसतो तरी तसंच झालं असतं. २०२४ च्या जानेवारीत लोलापलूझाला स्टिंग ऐकला, तो सुद्धा तसाच. साठी उलटून गेलेल्या माणसाचा तो आवाज ऐकून आदर वाटला. आदर वाटला म्हणजे तो टॉप फाईव्हमधे नाही, हे आपलं माझं गणित.

ओपेथ मात्र आहे. एनएचसेव्हन, २०१९. नोकरी लागून पाचच महिने झाले होते आणि स्वतःच्या पैशाने काढलेलं ते पहिलं तिकीट. हा स्टॉकहोमचा बँड. यांचं एकेक गाणं दहा-दहा मिनिटांचं, त्यात मधेच सगळं थांबतं आणि अगदी बारीक गिटार वाजते, आणि मग अंगावर डोंगर कोसळावा तसे सगळे एकदम येतात. मिकाएल ऑकरफेल्ट हा त्यांचा गायक दोन गाण्यांच्या मधे अगदी सपाट चेहऱ्याने, कुठल्यातरी सरकारी ऑफिसातल्या बाबूसारखा, विनोद करतो. पहिल्या विनोदाला आपण हसतच नाही कारण कळतच नाही की तो विनोद होता.

त्याच वर्षी सप्टेंबरमधे त्यांचा 'इन कौडा वेनेनम' हा अल्बम आला होता, एक आवृत्ती स्वीडिशमधे आणि एक इंग्रजीत. १९९५ साली पहिला अल्बम काढलेल्या बँडने चोवीस वर्षांनी आख्खा अल्बम आपल्या भाषेत केला, हे मला तेव्हा जाम भारी वाटलं होतं. मी ते सोबतच्या एका सहकाऱ्याला उत्साहाने सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं आणि मग हसत विचारलं, "पण तुमच्याकडे परतूरला हे असलं ऐकतं कोण रे?"

त्यात तसं वाईट काही नव्हतं. पण बियर सांडल्यासारखं झालं ते. म्हणजे त्या मैदानावर तिकीट काढून उभे असलेले सगळे तिथलेच, आणि मी आलेला. कोथरूडच्या मुलाला कुणी विचारत नाही की तुमच्याकडे हे कोण ऐकतं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आम्ही हॉस्टेलवर हार्ड डिस्क फिरवून ऐकायचो आणि २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर घरी गच्चीवर झोपून ऐकायचो, असलं काहीतरी मी बोललो. ते खरं होतं, पण उत्तर ते नव्हतं.

उत्तराला जरा मागे जावं लागेल. आणि थोडं फिजिक्स.

आमच्याकडे उन्हाळ्यात उघड्यावर संगीत होत नाही असं नाही हो. उलट खरा सीझन तोच. शेतं रिकामी, कापूस विकून झालेला, लग्नसराई आणि सप्ते. रामनवमी ते हनुमान जयंती या आठवड्यात तर परतूर, मंठा, घनसावंगी असा गाडीवरून चक्कर मारला तर दर दुसऱ्या गावात मांडव दिसेल. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब तिथलंच, त्यांचा जन्म पण रामनवमीचाच, त्यामुळे त्या बाजूला जास्तच. अखंड हरिनाम सप्ताह म्हणजे सात दिवस चोवीस तास वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावून लोक ती आळीपाळीने गळ्यात घेऊन उभे राहतात. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, ऊन उतरल्यावर रात्री कीर्तन, आणि शेवटच्या दिवशी काला. सात दिवसांचा लाइनअप असलेला फेस्टिव्हल, वर जेवण फुकट. एकाही स्पॉन्सरचं नाव मांडवावर नाही (हल्ली असतं, पण ते जाऊ दे).

आमचे अण्णा मृदंग वाजवायचे. शेती हा धंदा आणि मृदंग हे काम, असं आई म्हणायची. मी शाळेत असताना माझं काम होतं कणीक तिंबायचं. मृदंगाच्या उजव्या बाजूला काळी शाई कायमची असते. डाव्या बाजूला मात्र दर वेळी ताज्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा तिचा आवाज खोल, जड होतो. कणीक कमी झाली की आवाज पोकळ, जास्त झाली की बसका. अण्णा थापटी मारायचे, ऐकायचे, आणि मला म्हणायचे, "आजून सुपारीएवढी दे." सुपारीएवढी! मी आज ऑफिसात मिलिसेकंदांवर भांडतो पण इतकं अचूक माप मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि मी बसायचो अण्णांच्या डाव्या बाजूला, मांडीला मांडी लावून. त्यामुळे मृदंग मी आधी ऐकला नाही, तो बरगड्यांना लागला. वीस-पंचवीस टाळकरी दोन रांगांत उभे, बुवांनी अभंगाची ओळ म्हणून सोडून दिली की ते उचलणार, आणि चाल चढत गेली की एका क्षणाला बुवा हात वर करून सगळ्यांना थांबवणार. एकदम शांत. एक बारीक आलाप. आणि मग डाव्या हाताच्या एका थापेवर सगळे टाळ एकत्र कोसळणार.

आता वर ओपेथबद्दल मी काय लिहिलंय ते परत वाचा. :)

फिजिक्स असं आहे. पन्नास हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण सात मीटर लांब असते. सात मीटर म्हणजे आमच्या घराच्या ओसरीपेक्षा मोठी. ती लाट कानात मावत नाही, आख्ख्या अंगावरून जाते. फेस्टिव्हलमधे स्टेजखाली सबवूफरची जी काळी भिंत रचलेली असते ती ह्या लाटांसाठी. हेडफोन कितीही महाग घ्या, तो बास कानाला ऐकवतो, छातीला नाही. आणि मोबाईलच्या स्पीकरचं तर विचारूच नका, तो शंभर हर्ट्झच्या आसपासचं काही म्हणजे काही वाजवू शकत नाही, एवढ्याशा पडद्याला तेवढी हवा हलतच नाही.

दुसरी गंमत उशिराची. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो (हे वीस डिग्रीला, आमच्याकडे चाळीसला ३५५ जातो, उन्हाळ्यात आवाजसुद्धा पळतो). मोठ्या मैदानात मागच्या लोकांसाठी मधे खांब रोवून स्पीकर लावतात, आणि ते मुद्दाम काही मिलिसेकंद उशिरा बोलवतात, म्हणजे स्टेजवरून चालत आलेला आवाज आणि खांबावरचा आवाज बरोबर एकाच वेळी कानात पडावेत. आमच्या गावात एक कर्णा देवळावर आणि दुसरा दीड-पावणेदोनशे मीटरवर शाळेवर. दोन्हींना वायर एकच, उशीर लावायची सोय नाही. त्यामुळे देवळाजवळ राहणाऱ्याला प्रत्येक शब्द अर्ध्या सेकंदाने परत ऐकू यायचा. मला लहानपणी वाटायचं देव पण मागून म्हणतो.

तर त्या सहकाऱ्याला द्यायचं उत्तर हे होतं. परतूरला हे असलं ऐकायची सवय चौथीच्या आधी लागलेली असते, फक्त गिटार नंतर येते.

पण हे उत्तर मला २०१९ मधे माहीत नव्हतं. ते कळलं २०२३ मधे, आणि ज्या रस्त्याने कळलं तो रस्ता चांगला नव्हता.

२०२० ला सगळंच बंद झालं, फेस्टिव्हल पण आणि सप्ते पण. २०२१ च्या पावसाळ्यात अण्णांना झटका आला. सकाळी गोठ्यात पडले. जालन्याला नेलं, तिथून औरंगाबादला (तेव्हा तेच नाव होतं). जीव वाचला, बोलणं दोन महिन्यांत पुष्कळ सुधारलं, चालायला लागले काठी घेऊन. डावा हात आला नाही. म्हणजे हात आहे, खांद्यापासून हलतो, पण बोटं ऐकत नाहीत.

फिजिओवाला रबरी चेंडू दाबायला द्यायचा. अण्णांनी एकदा त्या चेंडूकडे बघून आईला म्हटलं, "डावा हात गेला म्हंजे मृदंगाचं पोटच गेलं." आणि मृदंग गवसणीत घालून माळ्यावर ठेवायला लावला. बरं, टाळाला तरी काय, दोन हात लागतात. टाळीला सुद्धा लागतात. या गोष्टीचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. सप्त्याला जाणं त्यांनी बंद केलं. "तिथं बसून काय करू," एवढंच.

जानेवारी २०२३. लोलापलूझाचं मुंबईतलं पहिलं वर्ष. मी गेलो होतो स्ट्रोक्ससाठी, पण मला उचलून नेलं ब्लडीवूडने. दिल्लीचा मेटल बँड. २०१९ ला वाकेनला वाजवून आलेले, २०२२ ला फुजी रॉकला. म्हणजे उन्हाळ्यातले खरे फेस्टिव्हल करून आलेले हे आपले लोक. त्यांच्यात दोन गायक, त्यातला एक इंग्रजीत रॅप करतो, गिटारवालाच बासरीही वाजवतो, आणि ड्रमसेट असतानाही स्टेजवर एक माणूस गळ्यात ढोल अडकवून उभा. पंजाबी ढोल, एका बाजूला जाड वाकडी काठी, दुसऱ्या बाजूला बारीक छडी. ढोल सुरू झाला आणि सबवूफरमधून ती जाड काठी माझ्या बरगड्यांवर बरोबर त्या जागी लागली. डाव्या बाजूचीच जागा असेल असं नाही, पण मला तशी वाटली. आजूबाजूची पोरं उड्या मारत होती आणि मी मठ्ठासारखा उभा. मोबाईलवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. असलं रेकॉर्डिंग करणाऱ्यांना मी एरवी शिव्या घालतो.

पुढच्या शनिवारी परतूरला गेलो आणि अण्णांना ते ऐकवलं. त्यांनी मोबाईल कानाला लावला. दोन मिनिटं पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "चांगलं हाय. पण ह्याच्यात डावा हात कुठंय?"

मी म्हटलं, आहे ना, ती जाड काठी.

"दिसायलीय. ऐकू कुठं यायलीय?"

आणि अर्थातच ते शंभर टक्के बरोबर होते. त्या दोन इंचाच्या स्पीकरला ती बाजू वाजवता येतच नव्हती. मला सगळं ऐकू येत होतं कारण मी तिथे होतो, माझी आठवण बास भरत होती. त्यांना फक्त छडी ऐकू येत होती, टिक टिक टिक.

पुण्याला आल्यावर मी पहिलं काम काय केलं तर एक मोठा स्पीकर घेतला, वेगळा वूफर असलेला, सात-आठ किलोचा धूड. पुढच्या फेरीला बॅगेत कपडे कमी आणि तो जास्त असा घेऊन गेलो. ओसरीवर ठेवला, खाली फरशी. ब्लडीवूडचंच नीट रेकॉर्ड केलेलं लाईव्ह लावलं. पहिल्या थापेला देवळीतला पाण्याचा गडू थरथरला. आई आतून ओरडली. अण्णा काही बोलले नाहीत, खुर्ची सरकवून स्पीकरच्या जवळ घेतली, डावी बाजू त्याच्याकडे करून बसले. उजवा हात मांडीवर चालू. एक अख्खं गाणं. मग दुसरं. मी तोंड वळवून अंगणातल्या लिंबाकडे बघत बसलो होतो, कारण अशा वेळी बापाकडे बघायचं नसतं.

त्यानंतर आमचा नेमच झाला. मी आलो की संध्याकाळी ऊन उतरल्यावर 'लाईव्ह'. काय काय दाखवलं त्यांना! १३ जुलै १९८५ चा वेम्बलीवरचा क्वीनचा कार्यक्रम, तो एकवीस मिनिटांचा. सत्तर हजारांवर लोक, आणि फ्रेडी मर्क्युरी नुसता आलाप सोडतोय आणि ते परत देताहेत. हा माणूस आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला आणि पहिला बँड त्याने तिथेच काढला, हे सांगितल्यावर अण्णांना तो लगेच आपला वाटायला लागला. "ह्याला चाल सोडता येती," हा त्यांचा शेरा. स्टीव्ह वाय दाखवला तर पाच मिनिटांत म्हणाले, "हा एकटाच जेवायला बसलाय." माझी आख्खी एक्सेल शीट एका वाक्यात.

आणि मग ग्रीन डेचा हाईड पार्क, जुलै २०१७. खरं तर त्यात ग्रीन डे नाहीच. बँड येण्याआधी स्पीकरवर क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' लावलं जातं आणि पासष्ट हजार लोक ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात, मधल्या अवघड भागासकट. स्टेज रिकामं. अण्णा शोधत राहिले.

"गाणारा कुठंय?"

"गाणारा नाही अण्णा, सगळे म्हणताहेत."

"मंग हा हरिपाठ झाला की."

थोड्या वेळाने परत, "ह्या सगळ्यांचा एकच हात वर हाय. दुसऱ्याला काय झालंय?"

मी म्हटलं, दुसऱ्या हातात मोबाईल नाहीतर बियर. त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि इतके हसले की आई परत बाहेर आली. २०२१ नंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

म्हणूनच २०२५ च्या ९ मार्चला ग्रीन डे माझ्या यादीत एक नंबरला गेलं. भारतातला त्यांचा तो पहिलाच कार्यक्रम. तसं बघितलं तर तीन कॉर्डचा बँड, वायच्या करंगळीएवढंही वाजवत नाहीत. पण बिली जो आर्मस्ट्राँग दर दोन मिनिटांनी हात वर करून 'हे-ओ' सोडतो आणि तुम्ही परत दिल्याशिवाय पुढे जात नाही. 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' ला रेसकोर्सभर लोक म्हणत होते, मी पण गळा बसेपर्यंत. दिवसभराच्या उन्हाने टी-शर्टवर मिठाचे नकाशे उमटलेले. मोबाईल खिशात, दोन्ही हात रिकामे. मी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

दहाच्या ठोक्याला सगळं बंद. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर नाही, हा २००० सालचा नियम कॅलिफोर्नियाच्या बँडला आणि आमच्या सप्त्यातल्या बुवांना सारखाच. सरकारला वर्षातून पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, बाकी दहा म्हणजे दहा. पूर्वी आमच्याकडे कीर्तन रंगलं की साडेअकरा व्हायचे, आता बुवासुद्धा घड्याळाकडे बघून अभंग आवरतात.

महिन्याभराने, एप्रिलमधे सप्त्याला गेलो. अण्णा आले. पहिल्या दोन दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःहून काठी घेतली. हरिपाठाला मागे खुर्चीवर बसले, आणि म्हणत होते. हरिपाठाला हात लागतच नाहीत म्हणा. मृदंगावर एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, आळंदीला शिकून आलेला, बोटांनी जाम तयार, पण डावी बाजू पोकळ बोलत होती. हरिपाठ संपल्यावर अण्णांनी त्याला बोलावलं, मृदंग आडवा ठेवायला लावला, उजव्या हाताने डाव्या बाजूवर एक थाप मारली आणि ऐकलं.

"आजून सुपारीएवढी लाव."

त्या पोराचा नंबर आता माझ्याकडे आहे. ब्लडीवूडच्या ढोलाच्या तीन लिंक पाठवल्या, त्याने त्यातली एक मृदंगावर बसवून मला परत पाठवली. हेडफोन लावून ऐकली, डावा हात बऱ्यापैकी आलाय. परवा मेसेज होता, दादा पुढच्या वर्षी मुंबईला मला पण न्या. मी फोनवर अण्णांना विचारलं, नेऊ का, त्याच्या घरचे काय म्हणतील.

"दहाला बंद होतं म्हणलास ना?" अण्णा म्हणाले. "मंग ने की."